इतिहासाची पदवी, कर्जाचा हप्ता आणि पहिला पगार



बारावीचा निकाल लागला की आपल्या बैठकांमधले कर्जाचे अर्ज बदलतात. एरवी शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, दवाखाना. जून-जुलैत मात्र "लेकीचं ॲडमिशन". नर्सिंग किंवा फार्मसी म्हटलं की कोणी फार विचारत नाही, भराभर हात वर होतात. पण एखादी सखी म्हणाली, की पोरीला इतिहास घेऊन बी.ए. करायचंय, तेही बाहेरगावी राहून, आणि दोन-तीन लाख लागतील, की सगळ्याजणी गप्प. मग एक म्हणते, "इतिहास शिकून कोणाचं पोट भरलंय?" दुसरी म्हणते, "शिक्षणाला पैसा मोजू नये, माय."

दोन्ही बोलणी हिशेबाविना आहेत. पैसा मोजायचाच. मोजल्यावर इतिहास शिकू नये असंच उत्तर येतं असं नाही. म्हणून या वेळचा पाठ वही-पेन घेऊन वाचायचा. गटात वाचणार असाल तर आकडे फळ्यावर लिहा.

गोरेगावातली एक सखी धरू. बोलायला सोपं जावं म्हणून तिला सुमनताई म्हणू. ती खरी कोणी नाही, हिशेबासाठी उभी केलेली बाई आहे. तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर, एक म्हैस. लेक वैशाली बारावी कला शाखेतून चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला इतिहास आवडतो, खरंच आवडतो. नरसीला नामदेव महाराजांच्या दर्शनाला गेली की बाकीच्या पोरी पाळण्यात बसतात आणि ही भिंतीवरचे पाट्या-लेख वाचत बसते. अशा पोरीला "जा, काहीतरी कामाचं शीक" म्हणणं सोपं आहे, पण मन मारून घेतलेली पदवी अर्ध्यात सुटते आणि त्या वर्षांचा पैसा तर गेलेलाच असतो.

सुमनताईपुढे तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे सेनगाव, हिंगोली किंवा रिसोडच्या अनुदानित कॉलेजात जाऊन-येऊन बी.ए. फी, परीक्षा, पुस्तकं, एसटीचा विद्यार्थी पास आणि डबा धरून वर्षाला १५,००० म्हणू. तीन वर्षांचे ४५,०००. दुसरी वाट छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या अनुदानित कॉलेजची. तिथे फी जास्त नसते, खरा खर्च खोली आणि मेसचा. वर्षाला ९०,००० धरले तर तीन वर्षांत २,७०,०००. तिसरी वाट खाजगी विद्यापीठाची, जिथली चकचकीत माहितीपुस्तिका हल्ली मोबाईलवर येते. फी, राहणं, खाणं मिळून वर्षाला ३,२०,००० धरू. तीन वर्षांचे ९,६०,०००. हे आकडे मी नमुन्याला घेतलेत. तुमच्या लेकीच्या कॉलेजचे खरे आकडे आणून हाच हिशेब पुन्हा करा.

आता कर्ज. बँकेच्या शैक्षणिक कर्जाची साधारण रीत अशी. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि घरचा हिस्साही भरावा लागत नाही. ४ लाखांच्या वर थोडा हिस्सा आपला. साडेसात लाखांच्या वर तारण मागतात, म्हणजे आपल्याकडे शेत नाहीतर घर. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो. इथेच पुष्कळ जणींची समजूत चुकते. हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. ते सरळव्याजानं साठत राहतं आणि हप्ता सुरू व्हायच्या वेळी मुद्दलात मिसळतं.

दुसऱ्या वाटेचा हिशेब मांडू. व्याज वर्षाला १० टक्के धरलं. पहिल्या वर्षी उचललेल्या ९०,००० वर चार वर्षांचं व्याज ३६,०००. दुसऱ्या वर्षीच्या ९०,००० वर तीन वर्षांचं २७,०००. तिसऱ्यावर दोन वर्षांचं १८,०००. एकूण व्याज ८१,०००. म्हणजे उचलले २,७०,०००, पण फेडायला सुरुवात होते ३,५१,००० पासून. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ५,८२५ रुपये हप्ता, दहा वर्षांत फेडायचे तर सुमारे ४,६४०.

तिसऱ्या वाटेवर ९,६०,००० चे हप्ता सुरू होईपर्यंत १२,४८,००० होतात. दहा वर्षांच्या फेडीला महिन्याचा हप्ता जवळजवळ १६,५००. आणि शेत बँकेकडे.

हे आकडे नुसते पाहून कमी की जास्त ते कळत नाही. ते पगाराशेजारी ठेवावे लागतात. कोणता पगार? इथे घरोघरी एक गंमत होते. पोरगी बी.ए.ला जाते तेव्हा आपण डोळ्यासमोर ठेवतो ती तहसीलदार बाई, नाहीतर पंधरा वर्षं नोकरी झालेल्या कायम मास्तरीणबाई. हप्ता मात्र पंधराव्या वर्षाच्या पगारातून द्यायचा नसतो. तो पहिल्या पगारातून द्यायचा असतो, आणि कधी कधी पगार सुरू व्हायच्या आधीच.

इतिहासाची पदवी घेऊन पहिला पगार कुठे मिळतो ते पाहू. नुसत्या बी.ए.वर "इतिहासाची" अशी नोकरी सहसा नसते. कोणतीही पदवी चालते अशा परीक्षा देता येतात: एमपीएससी, तलाठी, बँकेतली क्लार्क. त्यांत इतिहासाचा अभ्यास उपयोगी पडतो, पण जागा थोड्या आणि अर्ज लाखांत. आपल्याच गावात पाहिलं तर सेवा केंद्रातलं संगणकाचं काम, बीसी सखी, गटाची सीआरपी ही कामं बारावी झालेल्या मुलीही करतात. पदवीमुळे तिथे पैसे वाढत नाहीत. हे कडू आहे, पण कर्ज घ्यायच्या आधी माहीत असलेलं बरं.

शिक्षिका व्हायचं तर बी.ए.नंतर बी.एड., ते दोन वर्षांचं. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, मग शासनाची अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल. त्यातून निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर. हे मानधन २०२३ पासून प्राथमिक शाळेला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. त्याआधी ते ६,०००, ८,००० आणि ९,००० होतं, म्हणजे वाढ मोठी झाली. तीन वर्षं झाली की नियमित वेतनश्रेणी लागते आणि पगार दुपटीच्याही पुढे जातो. वाट चांगली आहे, फक्त लांब आहे.

किती लांब? अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली. त्यानंतरची झाली २०२३ मध्ये. मधली पाच वर्षं बी.एड. झालेल्या पोरी नुसत्या वाट पाहत बसल्या. त्यानंतरची २०२५ मध्ये झाली. पुढची केव्हा, हे कोणी तुम्हाला छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बँक मात्र भरती निघायची वाट पाहत नाही.

आता वैशालीचं वेळापत्रक शेजारी ठेवा. तीन वर्षं बी.ए., एक वर्ष सवलतीचं, आणि पाचव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात हप्ता सुरू. त्या महिन्यात वैशाली कुठे आहे? बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. कमाई शून्य, हप्ता ५,८२५. तो कोण भरणार? म्हैस आणि सोयाबीन. म्हणून कर्ज काढतानाच बँकेत विचारायचं: "पुढे बी.एड. केलं तर हप्ता पुढे ढकलून मिळेल का?" उत्तर लेखी घ्यायचं.

मोठ्या कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एम.ए., त्यावर नेट किंवा सेट. कायम जागा निघेपर्यंत पुष्कळ जणी तासिका तत्त्वावर शिकवतात. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही. यातली एक चांगली गोष्ट म्हणजे नेटमध्ये वर नंबर लागून जेआरएफ मिळाली तर संशोधन करताना महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. त्यात कर्ज फिटेल आणि घरीही पैसे येतील. पण ती मिळते थोड्यांना. ती मिळेलच असं धरून सही करायची नाही.

माझं स्वतःचं मोजमाप सांगते, पटलं तर घ्या. हप्ता पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. १८,००० चा चौथा हिस्सा ४,५००. दुसऱ्या वाटेचा सात वर्षांचा हप्ता त्याच्या वर जातो. पण एक युक्ती आहे. शिक्षण चालू असतानाच दर महिन्याचं व्याज भरत गेलं तर मुद्दल २,७०,००० वरच राहतं आणि हप्ता सुमारे ४,४८० वर येतो. व्याज पहिल्या वर्षी महिन्याला ७५०, दुसऱ्या वर्षी १,५००, त्यानंतर २,२५०. म्हशीच्या दुधातून बाजूला काढता येण्यासारखी ही रक्कम आहे, निदान पहिली दोन वर्षं तरी. असं व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात एक टक्का सूट देतात, मुलींना अर्धा टक्का देणाऱ्याही आहेत. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आणि शासनाची नोकरी नाहीच मिळाली, खाजगी शाळेत ८,००० वर शिकवावं लागलं तर? चौथा हिस्सा २,०००. सात वर्षांत एवढ्या हप्त्यात फिटतं साधारण १,२०,००० चं कर्ज, तेही साठलेलं व्याज धरून. इतिहासासाठी याच्या आत राहिलं तर वाईट दिवसातही घर बुडत नाही. तिसरी वाट या मापात कुठेच बसत नाही. १८,००० पगार आणि १६,५०० हप्ता, मग पोरीनं खायचं काय?

सरकार व्याज भरतं ना, असं कोणी म्हणेल. नीट ऐका. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षण काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं ती योजना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे. इतिहासाचं बी.ए. त्यात येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारणाशिवाय कर्ज आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात ३ टक्के सवलत आहे, पण कॉलेज सरकारच्या यादीत असावं लागतं. योजना मंजूर झाली तेव्हा यादीत देशभरातली ८६० च्या आसपास कॉलेजं, विद्यापीठं होती. एजंट "सगळं माफ होतं ताई" म्हणाला, तर आधी यादीत कॉलेजचं नाव दाखव म्हणायचं.

उलट एक सवलत आपल्या कामाची आहे आणि तिची फारशी चर्चा होत नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. बी.ए. त्यात नाही, पण बी.एड. आहे. अट एवढीच की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर माफी नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींना भारत सरकार शिष्यवृत्ती आहेच, ती बी.ए.लाही मिळते, महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो. बाहेर राहून शिकणाऱ्या, वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलींना स्वाधार योजना आहे. नंतर स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या शासनाच्या संस्थांचं प्रशिक्षण फुकट मिळतं. पुण्यातल्या क्लाससाठी दुसरं कर्ज काढायच्या आधी तिथे अर्ज गेलेला असावा.

म्हणजे वैशालीला इतिहासच शिकायचा असेल, तर बी.ए. जवळच्या कॉलेजात बिनकर्जाचं किंवा थोड्या कर्जाचं, आणि बी.एड. फी माफीतलं, अशी एक वाट निघते. घरच्या अडचणीनं रोज जाणं जमत नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.ए. घरी राहूनही होतं. पुण्याच्या कॉलेजात तिला चांगले शिक्षक आणि मोठं ग्रंथालय मिळालं असतं, हे खरं. ते नुकसान मी नाकारत नाही. पण एम.ए.ला ती बाहेर जाऊ शकते, तेव्हा ती मोठी असेल आणि तिला या विषयात किती पाणी आहे तेही कळलेलं असेल.

आता गटाच्या कर्जाबद्दल. शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला २४ टक्के. सुमनताईनं गटातून ५०,००० घेतले आणि दोन वर्षांत फेडले, तर पहिल्याच महिन्यात ३,०८३ रुपये भरावे लागतील आणि एकूण व्याज १२,५०० होईल. शेळी सहा-आठ महिन्यांत पैसे देते, पदवी पाच-सात वर्षांत. ज्या कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून आहे, ते एवढ्या लांबच्या कमाईसाठी घ्यायचं नाही. गटाचं कर्ज प्रवेशाच्या घाईला चालेल: बँकेचं मंजूर व्हायला वेळ लागतो, तोवर फी भरायला दहा-पंधरा हजार. दर आठवड्याला वसुलीला येणाऱ्या फायनान्सचं कर्ज तर शिक्षणाला नकोच.

आणखी एक गोष्ट, जी बँकेत कोणी फोड करून सांगत नाही. शैक्षणिक कर्जावर पोरीच्या जोडीला आई किंवा बाप सहकर्जदार असतो. हप्ते थकले तर सिबिल दोघांचंही खराब होतं. सुमनताईचं खराब झालं की तिला म्हशीसाठी, घरासाठी कर्ज मिळायला अडचण. मग लग्नाचा प्रश्न. पोरीचं लग्न झाल्यावर हप्ता कोण भरणार, हे बोलायला आपण लाजतो. सोयरीक करताना हुंड्याचं बोलणं उघड होतं (ते व्हायलाच नको), मग कर्जाचं का होऊ नये? पोरीचा पगार, पोरीचं कर्ज, हप्ता तिच्या खात्यातून जाणार, हे दोन्ही घरांना आधी माहीत असावं.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. त्यावर करार होता: परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजूही झाले, पण जातीमुळे तिथे राहायला जागा मिळेना, अपमान सोसवेना, आणि नोकरी सोडावी लागली. शिक्षणाच्या पैशामागे अट असते आणि आयुष्य अटीप्रमाणे चालेलच असं नाही. म्हणून सही करायच्या आधी "न जमलं तर काय" हे वाचायचं.

आणि एका खर्चाला तर हिशेबच लागू होत नाही. बी.एड. झालं की कोणीतरी येतं, "अमुक संस्थेत जागा आहे, इतके लाख द्या, पुढे कायम होईल." या आशेवर शेत विकलेली घरं तुमच्याही माहितीत असतील. त्या पैशाची पावती नसते. पैसे देणारा कोर्टातही उभा राहू शकत नाही, कारण देणंही गुन्हाच. पदवीच्या कर्जापेक्षा या डोनेशननं जास्त घरं बसली असं मला वाटतं.

इतिहासाची बाजू पण सांगते. जाणत्या माणसांची गरज कधी निघेल हे सांगता येत नाही. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा जुनी दप्तरं उघडली. त्यातली पुष्कळ मोडीत, काही उर्दूत. वाचणार कोण? मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली. जमिनीच्या, वारसाच्या जुन्या कागदांसाठीही मोडी वाचणारा लागतो. मोडीचे वर्ग थोडक्या फीत होतात आणि इतिहासाच्या पोरीला ते अभ्यासातच मदत करतात. यावर घर चालेल असं मी म्हणत नाही, पण पदवीच्या जोडीला हाताला असं एखादं काम असावं: मोडी, मराठी टायपिंग, चांगलं इंग्रजी.

पुढच्या बैठकीला हे करून आणा. ज्यांची मुलं यंदा किंवा पुढच्या वर्षी बारावीला आहेत त्यांनी एका कॉलेजची फीची पावती किंवा पत्रक आणायचं. गटात कोणाची सून-लेक खाजगी शाळेत शिकवत असेल तर तिला पगार विचारून यायचं, नाव सांगायची गरज नाही. बँकेतून शैक्षणिक कर्जाचा व्याजदर लिहून आणायचा. मग एक लाखाला १० टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता १,६६० आणि दहा वर्षांचा १,३२२, या दोन आकड्यांवरून प्रत्येकीनं आपला हप्ता काढायचा आणि आणलेल्या पगाराचा चौथा हिस्सा त्याच्या शेजारी लिहायचा. पोरींनाही बैठकीला घेऊन या, कर्ज त्यांच्याही नावावर असणार आहे.